थायरॉईडची गोळी आणि आरंभीचे सहा आठवडे

आपल्या संघाच्या स्मरणिकेत दरवर्षी बाजारभाव, करांचे नवे नियम, मंडीतील अडचणी आणि समाजहिताचे अन्य विषय यांवर लेख येत असतात. यंदा धान्याच्या पोत्यांचा हिशेब क्षणभर बाजूस ठेवून एका लहानशा गोळीविषयी चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे. ही गोळी म्हणजे थायरॉईडची गोळी. आम्ही वैद्य नव्हे की डॉक्टर नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिक्षण घेऊन सारे आयुष्य घाऊक धान्याच्या पेढीवर घालविलेले आम्ही एक सामान्य व्यापारी. तथापि पांढुर्णा व सौंसर येथील आपल्या बंधुभगिनींच्या घरी जाणे-येणे होते, तेव्हा ही गोळी आता कित्येक घरांत दिसते; आणि तिच्याविषयी जेवढी औषधाची माहिती कानी पडते, तिच्यापेक्षा भीतीच अधिक कानी पडते. म्हणून जाणकार डॉक्टरांकडून ऐकलेले व प्रमाण ग्रंथांतून वाचलेले, जेवढे निश्चित आहे तेवढेच, वाचकांपुढे ठेवीत आहोत.

हा रोग विरळा नाही. मुंबई, गोवा, अहमदाबाद, हैदराबाद आदी ८ शहरांतील ५,००० हून अधिक प्रौढ स्त्रीपुरुषांची पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. तीत दर शंभरांत सुमारे ११ जणांस थायरॉईडची उणीव आढळली, आणि त्यांत पुरुषांपेक्षा स्त्रियांचे प्रमाण अधिक होते. पाहणी शहरांतील असली तरी तिच्यातील इशारा आपल्यालाही लागू आहे.

थायरॉईड ही गळ्याच्या पुढील भागी, कंठमण्याच्या खाली, फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी आहे. ती थायरॉक्सिन नावाचा स्राव रक्तात सोडते. शरीराची ऊब, हृदयाचे ठोके, आतड्यांची हालचाल, केस व त्वचेची वाढ, मनाचा उत्साह या सर्वांचा वेग हा स्राव ठरवितो. त्यावर देखरेख करणारी पीयूषिका ग्रंथी मेंदूच्या तळाशी असते. रक्तात थायरॉक्सिन कमी पडले की ती टी.एस.एच. नावाचा स्राव वाढवून थायरॉईडकडे मागणी करते. व्यापाऱ्यास हे समजण्यास कठीण नाही. आवक घटली की मागणीच्या चिठ्ठ्या वाढतात. टी.एस.एच.चा आकडा म्हणजे त्या मागणीच्या चिठ्ठ्या होत. हा आकडा वाढलेला असला तर सामान्यतः माल कमी पडत आहे असे समजावे, आणि फारच खाली गेला असला तर माल गरजेपेक्षा अधिक झाला आहे असे समजावे. कित्येक लोक याचा उलट अर्थ घेतात. आकडा वाढला म्हणजे थायरॉईड वाढले असे समजून गोळी कमी करतात. हा गैरसमज प्रथम दूर झाला पाहिजे.

उणीव असली म्हणजे मनुष्य थकतो, त्याला थंडी अधिक वाजते, वजन वाढते, शौचास साफ होत नाही, त्वचा रुक्ष होते, आवाज घोगरा होतो, स्मरण मंदावते, स्त्रियांच्या पाळीत फरक पडतो. ही लक्षणे इतक्या हळूहळू येतात की घरातील माणसे त्यांस आळस अथवा वय म्हणून सोडून देतात. निदान झाल्यावर डॉक्टर लेव्होथायरॉक्सिन नावाची गोळी देतात. शरीरात जो स्राव तयार व्हावयास हवा होता, तोच ही गोळी बाहेरून पुरविते. परक्या जातीचे हे औषध नव्हे. म्हणूनच तिचे बहुतेक त्रास विषाचे नसून मापाचे असतात. या लेखात आम्हांस मुख्यतः सांगावयाचे आहे ते हेच.

माप किती सूक्ष्म आहे ते पाहावे. ही गोळी १२.५, २५, ५०, ७५, १०० अशा मायक्रोग्रॅमच्या मापांत मिळते. एक ग्रॅमचे दहा लाख भाग केले असता त्यातील एक भाग म्हणजे एक मायक्रोग्रॅम. आपल्या वडीलधाऱ्यांच्या वेळी सोने गुंजेवर तोलले जाई व ९६ गुंजांचा एक तोळा होई. या औषधाची एक गुंज कोणी हातावर ठेविली, तर रोज १०० मायक्रोग्रॅम घेणाऱ्या माणसास ती तीन वर्षांहून अधिक काळ पुरेल. इतक्या सूक्ष्म मापाच्या वस्तूत २५चा फरक हा किरकोळ फरक नव्हे. 'शेजारणीस १०० लागू पडली, मग तुम्हीही तीच घ्या,' असा सल्ला देणारे हितचिंतक आपल्याकडे फार; परंतु एकाच्या काट्यावरचे वजन दुसऱ्याच्या खात्यात मांडता येत नाही.

या औषधाचा पूर्वेतिहास आपल्या समाजाने अवश्य जाणून घ्यावा. १८९१ साली इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे जॉर्ज मरे नावाच्या डॉक्टराने थायरॉईडची उणीव असलेल्या एका ४६ वर्षांच्या स्त्रीस मेंढीच्या थायरॉईड ग्रंथीचा अर्क टोचून बरे केले. ती पुढे २८ वर्षे जगली आणि १९१९ साली वारली. त्या मुदतीत तिच्या औषधासाठी ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या, अशी नोंद खुद्द मरे यांनी करून ठेविली आहे. १९१४ साली अमेरिकेत केंडॉल यांनी थायरॉक्सिन शुद्ध रूपात वेगळे काढले. पुढे त्यांनी सुमारे तीन टन डुकरांच्या ग्रंथींतून अवघे ३३ ग्रॅम द्रव्य मिळविले. पुढे १९२६-२७ साली हॅरिंग्टन व बार्जर यांनी या द्रव्याची रचना शोधून ते प्रयोगशाळेत कृत्रिम रीतीने तयार केले, आणि १९५० च्या सुमारास कृत्रिम लेव्होथायरॉक्सिन वापरात येऊ लागले. आज दुकानात मिळणारे लेव्होथायरॉक्सिन हे असे कृत्रिम रीतीने तयार केलेले आहे, प्राण्याच्या ग्रंथीतून काढलेले नाही. म्हणून अहिंसेच्या विचाराने या गोळीस नकार देण्याचे कारण उरलेले नाही. गोळी बांधण्यासाठी वापरलेल्या अन्य पदार्थांविषयी ज्यांस शंका असेल, त्यांनी ती औषधविक्रेत्याकडे अथवा उत्पादकाकडे विचारून फेडून घ्यावी. शंकेपायी गोळी बंद करू नये.

आता मूळ विषयाकडे वळू. गोळी सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत जे त्रास होऊ शकतात, त्यांचे चार प्रकार करता येतात, आणि प्रत्येकाचा उपाय निराळा आहे.

पहिला प्रकार हा की जो त्रास गोळीचा वाटतो तो वस्तुतः मूळ रोगाचाच असतो. गोळी घेऊन आठ दिवस झाले, तरी थकवा तसाच, वजन तसेच, अंग जड ते जडच. 'गोळी लागू पडत नाही' असे मन घेते. परंतु कित्येक महिने खालावलेले शरीर आठ दिवसांत सावरत नाही. कोणास दोन-तीन आठवड्यांत हुशारी वाटू लागते, तर कोणास पूर्ण बरे वाटण्यास काही महिने लागतात. येथे उपाय एकच. तो म्हणजे धीर.

दुसरा प्रकार हा की शरीर नव्या वेगाशी जुळवून घेत असते. मंदावलेला व्यवहार पुन्हा सुरू झाला की प्रारंभी थोडी ओढाताण होतेच. किंचित डोकेदुखी, थोडी अस्वस्थता, भूक वाढणे, शौचाच्या सवयीत फरक, झोप थोडी कमी होणे, असे काही कोणास जाणवते व बहुधा ओसरते. केस गळणे याच वर्गात येते. आरंभीच्या काही महिन्यांत केस अधिक गळाल्यासारखे वाटतात आणि स्त्रिया घाबरून जातात. केस उणिवेमुळेही गळतात, आणि गोळीने शरीराचा वेग बदलतो तेव्हाही काही काळ गळतात. हे गळणे बहुधा तात्पुरते असते व थायरॉईडचे प्रमाण स्थिरावल्यावर काही महिन्यांत केस पुन्हा भरतात.

तिसरा प्रकार मापाचा. गोळीचे प्रमाण गरजेपेक्षा अधिक झाले, तर थायरॉईडच्या अतिरेकाची लक्षणे दिसतात. छातीत धडधड होते, हात थरथरतात, घाम फार येतो, उकाडा सहन होत नाही, झोप उडते, मन चिडचिडे होते, जुलाब होतात, भूक लागूनही वजन झपाट्याने उतरते. ही लक्षणे दिसली तर गोळी वाईट आहे असा अर्थ नव्हे. माप तपासावयास हवे असा अर्थ आहे. अति तेथे माती, ही म्हण येथे अक्षरशः खरी आहे. डॉक्टरांस त्याच दिवशी कळवावे. माप किती उतरवावयाचे ते त्यांनी ठरवावे.

चौथा प्रकार मात्र धोक्याचा आहे, आणि तो प्रत्येक घराने पाठ करून ठेवावा. छातीत दुखणे अथवा दडपण येणे, श्वास कोंडणे, नाडी अत्यंत जलद वा अनियमित चालणे, घेरी येऊन पडणे, यांपैकी काही झाले तर उद्यावर ढकलू नये, दुकान बंद होण्याची वाट पाहू नये. तत्काळ जवळच्या रुग्णालयात जावे. अंगावर पित्त उठणे, ओठ वा चेहरा सुजणे हे गोळीतील रंग अथवा अन्य पदार्थ न मानवल्याने क्वचित घडते. सुजेबरोबर श्वासास त्रास होत असेल तर तेही तातडीचेच समजावे.

हृदयाचा संबंध का येतो, हे थोडे स्पष्ट केले पाहिजे. थायरॉईड कमी असता हृदयही मंद गतीने चालते व त्यास प्राणवायूही कमी लागतो. गोळीने शरीराचा वेग वाढला की हृदयाचे काम वाढते. ज्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद झाल्या आहेत, त्यास हा वाढीव भार एकदम पेलत नाही. म्हणून तरुण व निरोगी माणसास डॉक्टर वजनाच्या मानाने, म्हणजे दर किलोमागे सुमारे १.६ मायक्रोग्रॅम, या हिशेबाने जवळजवळ पूर्ण मात्रा आरंभीच देऊ शकतात. ६० किलोच्या माणसास ती १०० च्या आसपास येते. परंतु वयोवृद्धांस व हृदयरोग्यांस १२.५ अथवा २५ पासून आरंभ करून सहा ते आठ आठवड्यांच्या अंतराने हळूहळू वाढवितात.

आमच्या परिचयाच्या एका वृद्ध गृहस्थांचे उदाहरण सांगतो. जिना चढताना छाती भरून येण्याचा त्रास त्यांस पूर्वीपासून होता, परंतु तपासणीच्या वेळी तो त्यांनी सांगितला नाही. डॉक्टरांनी विचारले ते थकव्याविषयी, त्याचेच उत्तर दिले. गोळी सुरू झाल्यावर दुसऱ्या आठवड्यात तेच दुखणे सपाट रस्त्यावर चालतानाही होऊ लागले. सुदैवाने त्यांच्या सुनेने विलंब न लावता त्यांस रुग्णालयात नेले. हृदयावर उपचार झाले, गोळीची मात्रा अगदी लहान करून पुनश्च आरंभ करण्यात आला, आणि आज ते नित्याप्रमाणे दर्शनास जातात. दुसरे उदाहरण एका तरुण सुनेचे. तिसऱ्या आठवड्यात केस गळताना पाहून तिने कोणास न विचारता गोळी सोडली. चार महिन्यांनी थकवा, सूज व जडपणा पहिल्यापेक्षा अधिक झाला, आणि सारा हिशेब पहिल्या पानापासून मांडावा लागला. एकाने आधीची गोष्ट सांगितली नाही, दुसरीने नंतरची गोष्ट विचारली नाही. दोन्ही ठिकाणी उणीव संवादाचीच होती.

आता सहा आठवड्यांचे कारण. थायरॉक्सिन शरीरात सावकाश खर्च होते. आज जेवढे आहे त्यातील निम्मे खर्च होण्यास सुमारे ७ दिवस लागतात. रोज ठरावीक आवक व रोज शिलकीच्या मानाने उठाव, अशी ही खतावणी आहे. रोज एकच गोळी घेतली तर पहिल्या आठवड्याच्या अखेरीस अंतिम साठ्याच्या निम्मा साठा जमतो, दुसऱ्याच्या अखेरीस पाऊण, तिसऱ्याच्या अखेरीस शंभरांत सुमारे ८८, चौथ्याच्या अखेरीस ९४, आणि सहाव्या आठवड्याच्या अखेरीस ९८. त्यापुढे साठा स्थिर होतो. मागणीच्या चिठ्ठ्या, अर्थात टी.एस.एच., खऱ्या पातळीवर येण्यासही तितकाच अवधी लागतो. म्हणून दहाव्या दिवशी रक्त तपासून 'आकडा उतरला नाही' म्हणणे म्हणजे पेरणीनंतर दहाव्या दिवशी शेतात विळा घेऊन जाणे होय. तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी करावी, आणि मात्रा बदलली की पुन्हा तितकेच थांबावे.

पांढुर्णा व सौंसर येथील पुष्कळ रोगी निदानासाठी नागपुरास जातात, हे सर्वांस ठाऊक आहे. गोळी लिहून दिली जाते, मंडळी गाडीने परत येतात, आणि शंका नवव्या दिवशी रात्री उद्भवते. त्या वेळी पुन्हा नागपूर गाठणे शक्य नसते. मग गोळी बंद करणे हाच सर्वांत सोपा उपाय वाटतो. म्हणून आमची सूचना अशी की, नागपुराहून निघण्यापूर्वीच चार गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात. कोणत्या त्रासासाठी थांबावयाचे, कोणत्यासाठी दूरध्वनी करावयाचा, कोणत्यासाठी तत्काळ रुग्णालयात जावयाचे, आणि पुढील रक्ततपासणी कोणत्या तारखेस करावयाची. ती तारीख पेढीच्या दिनदर्शिकेवर, हुंडीची मुदत लिहावी तशी, ठळक लिहावी. संत्र्याचा बहर असो, कापसाची आवक असो वा दिवाळीचे चोपडापूजन असो, ती तारीख पुढे ढकलू नये.

गोळी घेण्याची रीतही मापाइतकीच महत्त्वाची आहे. ती रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर, न्याहारीच्या व चहा-कॉफीच्या अर्धा ते एक तास आधी घ्यावी. आपल्याकडे उठल्याबरोबर दुधाचा चहा हवा असतो; दुधातील चुना व चहा-कॉफी गोळीच्या आड येतात. चुन्याच्या अर्थात कॅल्शियमच्या गोळ्या, लोहाच्या गोळ्या व आम्लपित्तावरची औषधे यांत चार तासांचे अंतर ठेवावे. आम्लपित्तावर रोज घ्यावयाची काही औषधे पोटातील आम्लच कमी करतात, त्यामुळेही गोळी कमी शोषली जाते. ती चालू असल्यास डॉक्टरांस सांगावे.

सोयाबीनविषयी धान्याचा व्यापारी म्हणून दोन शब्द लिहिणे आमचे कर्तव्य आहे. मध्य प्रदेश हा सोयाबीनचा प्रांत. सोयाबीनचे पीठ गव्हात मिसळून पोळ्या करण्याची आणि सोयाबीनच्या वड्यांची भाजी करण्याची चाल पुष्कळ घरांत आहे. सोयाबीन गोळीचे शोषण कमी करू शकते. याचा अर्थ सोयाबीन वर्ज्य असा नव्हे. गोळी व सोयाबीन यांत काही तासांचे अंतर असावे, आणि खाण्याचे प्रमाण आज भरपूर, उद्या मुळीच नाही असे बदलते नसावे. जी मात्रा ठरली ती आपल्या नित्याच्या आहारावर ठरलेली असते. आहार एकाएकी बदलला तर मात्राही पुन्हा तपासावी लागते. कोंडा व तंतुमय चूर्णे यांसही हाच नियम लावावा.

आपल्या समाजाच्या नित्यनियमांशी ही गोळी सहज जुळते. जे नवकारसी पाळतात, त्यांनी सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी पच्चक्खाण पारताना प्रथम पाण्याबरोबर गोळी घ्यावी, नंतर मंदिरात जाऊन यावे, आणि मग न्याहारी करावी. अंतर आपोआप राखले जाते. काही डॉक्टर रात्री जेवणानंतर तीन तासांनी झोपताना गोळी घेण्यास सांगतात. चौविहार करणाऱ्यांस ते शक्य नाही, म्हणून आपला नियम डॉक्टरांस आधीच सांगून सकाळची वेळ ठरवून घ्यावी.

पर्युषणातील उपवासांविषयी विशेष विचार हवा. वर सांगितलेल्या खतावणीप्रमाणे, ज्याचा साठा स्थिर झाला आहे त्याने एक दिवस गोळी घेतली नाही, तर साठा सुमारे एक दशांशाने घटतो. एका उपवासाने मोठी हानी होत नाही. परंतु निर्जल अठाई केली तर आठ दिवसांत निम्म्याहून अधिक साठा संपतो. ज्याने नुकतीच गोळी सुरू केली आहे, ज्याचे हृदय दुर्बल आहे, अथवा जी स्त्री गर्भवती आहे, त्यांनी असे तप डॉक्टरांस विचारल्याविना हाती घेऊ नये. औषधासाठी कोणती सवलत घेता येते, हे साधु-साध्वी महाराजांस विचारावे. आणि पारण्याच्या दिवशी राहिलेल्या गोळ्या एकदम घेऊन भरपाई करू नये. चुकलेली एखादी गोळी त्याच दिवशी आठवली तर घ्यावी. दुसऱ्या दिवशी आठवली तर नित्याची एकच घ्यावी.

काही जणांनी आणखी सावध असावे. मधुमेहाच्या रोग्यांस गोळी सुरू झाल्यावर इन्सुलिनची अथवा अन्य औषधाची गरज वाढू शकते. म्हणून साखर वरचेवर तपासावी. रक्त पातळ करणारे वॉर्फरिन घेणाऱ्यांत त्याचा परिणाम वाढून रक्तस्रावाचा धोका संभवतो. ज्यांच्या मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथी दुर्बल आहेत, त्यांस त्यावरील उपचाराआधी ही गोळी दिल्यास प्रकृती गंभीर होऊ शकते. असे रोगी थोडे, परंतु पूर्वीचे कोणतेही दुखणे डॉक्टरांपासून लपवू नये ते यासाठीच. गर्भ राहिल्याचे कळताच स्त्रीने गोळी बंद न करता डॉक्टरांस त्वरित कळवावे. त्या काळात गरज बहुधा पाव ते निम्म्या हिश्शाने वाढते, आणि गर्भाच्या मेंदूची वाढ आरंभी आईच्याच थायरॉक्सिनवर अवलंबून असते. उतारवयातील स्त्रियांत मात्रा दीर्घकाळ अधिक राहिली तर हाडे ठिसूळ होतात व हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा संभव वाढतो. म्हणून मात्रा स्थिरावल्यावरही वर्षातून एकदा तपासणी करावी.

केस गळतात म्हणून बायोटिन नावाचे जीवनसत्त्व पुष्कळ जण स्वतःच आणून घेतात. ते शरीरास अपाय करीत नसले तरी कित्येक प्रयोगशाळांत थायरॉईडच्या तपासणीचे आकडे फसवे दाखविते, इतके की मात्रा जास्त झाली असे भासावे. तपासणीपूर्वी निदान दोन दिवस ते बंद ठेवावे व घेत असल्याचे सांगावे. खोट्या वजनाने केलेला सौदा जसा पुढे बाधतो, तसाच खोट्या आकड्यावर बदललेला डोसही बाधतो.

आणखी एक प्रश्न नेहमी विचारला जातो. 'आम्ही आयोडीनचे मीठ खातो, मग गोळी कशास?' आपल्या देशात १९५६ पासून हिमाचलातील कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मिठाचे प्रयोग केले, आणि १९६२ साली गलगंडाविरुद्ध राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. मिठाने आयोडीनच्या अभावाचा रोग टळतो, यात शंका नाही. परंतु आज गोळी घेणाऱ्यांपैकी पुष्कळांचा रोग निराळा आहे. त्यात शरीराची संरक्षक शक्तीच थायरॉईड ग्रंथीवर उलटते. १९१२ साली जपानचे डॉ. हाशिमोतो यांनी त्याचे प्रथम वर्णन केले. कारखानाच मोडला असता कच्चा माल अधिक पाठवून काय उपयोग? अशा वेळी तयार माल बाहेरून आणावा लागतो, आणि तो म्हणजे ही गोळी. वजन उतरविण्यासाठी मात्र, थायरॉईडचा रोग नसता, कोणीही ती घेऊ नये. तो हृदयाशी खेळ आहे.

गोळ्या उन्हाळ्यात सांभाळाव्यात. आपल्या भागात वैशाखात पारा ४० च्या वर जातो. खिडकीत, मोटारीत अथवा चुलीजवळच्या फळीवर ठेवलेली बाटली उष्णतेने व दमटपणाने निःसत्त्व होते. मूळ बाटलीतच, झाकण घट्ट लावून, घरातील थंड व कोरड्या जागी ठेवावी. शक्यतो एकाच उत्पादकाची गोळी चालू ठेवावी. बदलावी लागली तर डॉक्टरांस सांगून सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा तपासणी करावी.

व्यापारात आम्ही एक गोष्ट शिकलो आहोत. काट्यावर घाई करणारा आणि काटा झुकताच पोते फेकून देणारा, दोघेही तोट्यात जातात. काटा स्थिर होईपर्यंत थांबणे, आणि काही विपरीत दिसले तर तत्काळ जाणकारास बोलाविणे, हीच खरी रीत. थायरॉईडच्या गोळीसही हीच रीत लागू आहे. आरंभीच्या सहा आठवड्यांत गोळी आपल्या मनाने वाढवू नये, आपल्या मनाने सोडू नये. किरकोळ त्रास लिहून ठेवावा, धडधड व थरथर कळवावी, छातीचे दुखणे क्षणभरही अंगावर काढू नये. ज्या घरी ही गोळी नव्याने आली असेल, त्या घरच्या वडीलधाऱ्यांनी एवढे लक्षात ठेविले, तर हा लेख लिहिण्याचे आमचे श्रम सफल झाले असे आम्ही समजू.